वांगं बामणोदचंच

फैजपूरहून सावद्याकडे निघालं की डाव्या हाताला
कलिंदर तडवीचं गॅरेज. तिथे टीव्ही आहे,
आवाज नाही.
म्हणजे होता, पण शेजारच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर
दिवसभर धापा टाकतो, त्याच्यापुढे
इंग्रजी काय ऐकू येणार, आणि आलं तरी
कोणाला.

केळी ग्रुपच्या काट्यावरून सुटलो की मी तिथे बसतो.
दुपारी इंग्लंडचा कार्यक्रम लागतो:
तिघं बाप्ये, जुन्या गाड्या, न संपणारा बारीक चिखल.
गाडी बंद पडते.
एक जण टायरला हळूच लाथ मारतो,
मग टायरचीच माफी मागितल्यासारखा उभा राहतो.

संध्याकाळी तोच कार्यक्रम, अमेरिकेचा.
पुन्हा तिघं. तसाच मंच, तशीच भोवती उभी गर्दी.
गाड्या मोठ्या, दात पांढरे,
आणि जाहिरातीआधी जे झालं
ते जाहिरातीनंतर परत एकदा.

कलिंदरने पहिल्याच आठवड्यात ओळखलं.
रॉकेलने हात धुता धुता म्हणाला,
"वांगं बामनोदचंच हाये.
पन भाजेल हाये ग्यासवर."

कशावरून?

"हातावरून. दुपारचा मानूस गाडीले हात लावतो
जसा आपन सासऱ्याच्या बैलाले लावतो.
हा संध्याकाळचा थापा मारतो. बाजारात
इकायले उभी केल्यावानी."

मला चेव आला. म्हटलं, नक्कल ती नक्कलच,
डुप्लिकेट माल, दोन महिन्यांत घासतो.
तो बोलला नाही. पान्हा उचलून
निंबाखालच्या अँबॅसिडरकडे केला.
"कोनाची?"
भारंबे सरांची.
"तसं नई. कोनाची?"

मग मला मोजावंच लागलं.
अंगकाठी इंग्लंडची, ठोकली कलकत्त्याकडे,
इंजिन जपानी घराण्याचं, हॉर्न ट्रकचा,
सीट कव्हर जळगावचं, नेरी नाक्यावरून,
आणि खाली कुठेतरी
ट्रॅक्टरच्या ट्यूबचा कापलेला तुकडा.
"आन चालते," कलिंदर म्हणाला.
जीप त्याने काढलीच नाही, मीच आठवली:
अमेरिकेने चौघांसाठी केलेली, लढाईवर जायला;
पालच्या घाटात तिच्यात बावीस माणसं,
एक शेळी, आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर.

म्हणून आम्हीही एक काढला.
रविवारी. भारंबे सरांची अँबॅसिडर
विरुद्ध तोताराम कोळ्याची मिनिडोर, केळीने भरलेली.
मोबाइल मी डॅशबोर्डला ट्यूबच्या पट्टीने बांधला.
काय बोलायचं ते पाठ होतं माझं:
आता काय होणार, मघाशी काय झालं,
आणि परत, आता काय होणार.

सावदा दिसायला लागलं आणि गाडी बसली.
मी सुरू केलं, मित्रांनो, बघा, आपली गाडी...
कलिंदर उतरला. बॉनेट उघडलं नाही.
मडगार्डवर हात ठेवून उभा राहिला, नुसता.
तोताराम पुढे गेला होता,
तो मिनिडोर वळवून परत आला. शर्यत जिंकायची सोडून
तोही उभा राहिला.
मग मीही.
घडांवर टाकलेली केळीची पानं वाऱ्याने उलटत होती.
कोणी काही बोललं नाही.
साडेचार मिनिटं, व्हिडिओत मोजून आहेत,
पुढे मोबाइलच बंद पडला.

एक्केचाळीस जणांनी पाहिला.
त्यातले अकरा वेळा मीच.
कलिंदरला गॅरेजच्या टीव्हीवर लावून दाखवला,
अर्थात मुका. त्याने शेवटपर्यंत पाहिला,
पान्हा पुसला, जागेवर टांगला.

"अमेरिकावाल्याईनं याची कॉपी काढली
तं मले सांगजो.
त्याईले म्हना, क्लचप्लेट तेवढी ओरिजनल टाका.
बाकी चालते काहीबी."